सेमूर बेंझर : विषाणूच्या जनुकापासून माशीच्या मेंदूपर्यंत

विषयाची व्याप्ती

प्राण्याच्या वर्तनामागे कोणती जनुके आहेत आणि ती चेतासंस्थेत नेमके काय करतात, याचा शोध घेणारी शाखा म्हणजे वर्तन-आनुवंशिकी. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या शाखेची दोन टोके एकमेकांपासून फार दूर होती. एका टोकाला जनुक होते आणि त्याची रासायनिक ओळख नुकतीच पटू लागली होती. दुसऱ्या टोकाला चालणे, झोपणे, शिकणे, जोडीदार शोधणे अशा गुंतागुंतीच्या क्रिया होत्या. मधले अंतर पार करण्याची व्यवहार्य पद्धत अमेरिकन शास्त्रज्ञ सेमूर बेंझर (१९२१–२००७) यांनी घालून दिली. एका वेळी एकच जनुक बिघडवायचे, वर्तनात काय बिघडले ते पाहायचे आणि त्या बिघाडाची जागा आधी गुणसूत्रावर व मग शरीरात शोधायची, अशी ती पद्धत. बेंझर यांनी आधी विषाणूंवर आणि नंतर फळमाश्यांवर काम केले. विषय बदलला तरी कामाची रीत तीच राहिली, आणि त्यांच्या कारकिर्दीचे खरे महत्त्व या सातत्यात आहे.

भौतिकशास्त्रातील पाया

बेंझर यांचा जन्म न्यूयॉर्कमध्ये, पोलंडहून आलेल्या ज्यू कुटुंबात झाला. तेराव्या वर्षी भेट मिळालेल्या सूक्ष्मदर्शकामुळे जीवशास्त्राची ओढ लागली होती, पण पदवी त्यांनी ब्रुकलिन कॉलेजातून भौतिकशास्त्रात घेतली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पर्ड्यू विद्यापीठात रडारसाठी लागणाऱ्या जर्मेनियमच्या स्फटिकांवर ते काम करत होते, आणि याच विषयावर १९४७ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बेल प्रयोगशाळेत पहिला ट्रान्झिस्टर तयार झाला, तोही जर्मेनियमचाच. बहरू लागलेले हे क्षेत्र त्यांनी नेमके त्याच वेळी सोडले. भौतिकशास्त्रज्ञ एर्विन श्रोडिंगर यांचे ‘व्हॉट इज लाइफ?’ हे १९४४ चे पुस्तक वाचून, जनुक म्हणजे प्रत्यक्षात काय, या प्रश्नाने त्यांना पकडले होते. १९४८ च्या उन्हाळ्यात कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील विषाणूविषयक अभ्यासवर्गाला ते गेले. त्यानंतर ओक रिज, मॅक्स डेलब्रुक यांची कॅलटेकमधील प्रयोगशाळा आणि पॅरिसची पाश्चर संस्था असा प्रवास करून ते पर्ड्यूला परतले.

जनुक अविभाज्य आहे का?

त्या काळी जनुकाची कल्पना दोऱ्यात ओवलेल्या मण्यासारखी केली जात असे. गुणसूत्रांची अदलाबदल दोन मण्यांच्या मधून होते, मणी स्वतः तुटत नाही, असा समज होता. १९५३ मध्ये डीएनएची रचना उलगडली आणि हा समज अडचणीत आला. जनुक जर न्यूक्लिओटाइडांची लांब साखळी असेल, तर ती कुठेही तुटून जोडली जाऊ शकते. मात्र एकाच जनुकाच्या आत, अगदी जवळजवळच्या दोन बिंदूंमध्ये असे तुटणे-जोडले जाणे फार दुर्मीळ असणार. ते दिसायचे असेल तर लक्षावधी संततीतून एखादी वेगळी शोधण्याची सोय हवी. माश्या किंवा वाटाणे घेऊन ते शक्य नव्हते.

आर-टू प्रयोग

ही सोय जीवाणूंना मारणाऱ्या टी-फोर या विषाणूत सापडली. जीवाणूंचा दाट थर वाढवलेल्या तबकडीवर विषाणू सोडला, की जीवाणू मेलेल्या ठिकाणी पारदर्शक ठिपके पडतात. डीएनएच्या आर-टू या पट्ट्यात उत्परिवर्तन झालेले विषाणू ई. कोलाय या जीवाणूच्या ‘बी’ वाणावर मोठे, रेखीव कडांचे ठिपके पाडतात. ‘के’ वाणावर मात्र ते वाढतच नाहीत, असे बेंझर यांच्या १९५४ मध्ये लक्षात आले. या एका निरीक्षणातून सगळी प्रयोगपद्धती उभी राहिली. दोन वेगवेगळे उत्परिवर्ती विषाणू ‘बी’ वाणात एकत्र वाढवायचे आणि त्यांची संतती ‘के’ वाणावर पसरायची. दोन बिघडलेल्या प्रतींमधून अदलाबदलीने एक निर्दोष प्रत तयार झाली असेल तरच तिथे ठिपका उमटतो. दहा कोटींत एक इतकी दुर्मीळ घटनाही अशा रीतीने एका तबकडीवर डोळ्यांनी मोजता येऊ लागली. जनुक आतूनही तुटते, आणि त्यातील बिंदू एका सरळ रेषेत मांडता येतात, हे १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधातून स्पष्ट झाले. डीएनएच्या साखळीचे लांबट रूप आणि आनुवंशिकी-अभ्यासकांचा नकाशा यांची सांगड इथे प्रथमच इतक्या बारीक पातळीवर बसली.

सिस्ट्रॉन आणि पूरकता-चाचणी

दोन उत्परिवर्तने एकाच जनुकात आहेत की दोन वेगळ्या जनुकांत, हे ठरवायला बेंझर यांनी पूरकता-चाचणी वापरली. दोन्ही बिघडलेले विषाणू एकाच वेळी एका ‘के’ जीवाणूत शिरले आणि एकमेकांची उणीव भरून काढून वाढले, तर बिघाड वेगवेगळ्या कार्यघटकांत आहेत. वाढ झाली नाही, तर दोघांचाही तोच घटक बिघडलेला आहे. या कार्यघटकाला त्यांनी सिस्ट्रॉन म्हटले. आर-टू पट्ट्यात असे दोन सिस्ट्रॉन निघाले. पुढे माश्यांच्या वर्तनाचा अभ्यास करतानाही हीच चाचणी निर्णायक ठरली, म्हणून ती इथे लक्षात ठेवायला हवी.

सूक्ष्म नकाशा

हजारो उत्परिवर्तने एकमेकांशी जोडून तपासायची तर प्रयोगांची संख्या लाखांत गेली असती. बेंझर यांनी जनुकाचा लांब तुकडाच गळालेले विषाणू निवडले. एखादे उत्परिवर्तन गळालेल्या भागात येत असेल, तर त्या जोडीतून निर्दोष प्रत कधीच मिळत नाही. अशा वेगवेगळ्या लांबीच्या तुकड्यांशी तपासत गेले, की मोजक्या चाचण्यांत बिघाडाचा पत्ता लागतो. १९६१ पर्यंत तयार झालेल्या नकाशात एक अनपेक्षित गोष्ट दिसली : काही जागी उत्परिवर्तने शेकड्यांनी साचलेली होती, तर अनेक जागी एखादेच. आनुवंशिक संकेत तीन-तीन अक्षरांनी वाचला जातो, हे त्याच वर्षी फ्रान्सिस क्रिक, सिडनी ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी दाखवले, तेही याच आर-टू पट्ट्यावर.

क्षेत्रबदल

साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत रेण्वीय जीवशास्त्राची मुख्य चौकट उभी राहिली होती. बेंझर यांचे कुतूहल मेंदूकडे वळले. स्वतःच्या दोन मुलींचे स्वभाव लहानपणापासूनच किती वेगळे आहेत हे ते पाहत होते आणि या फरकात जनुकांचा वाटा किती, हा प्रश्न त्यांना पडला होता. १९६५ मध्ये मेंदूचे दोन गोलार्ध वेगळे करून अभ्यासणाऱ्या रॉजर स्पेरी यांच्या कॅलटेकमधील प्रयोगशाळेत ते दाखल झाले, आणि १९६७ मध्ये तिथेच प्राध्यापक झाले. वयाच्या पंचेचाळिशीत, जगभर नाव झालेले असताना, त्यांनी नव्या क्षेत्रात श्रीगणेशा केला.

फळमाशीच का?

पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणारे चिलट म्हणजे ड्रोसोफिला किंवा फळमाशी. तिची पिढी सुमारे दहा-बारा दिवसांत तयार होते, एका बाटलीत शेकडो माश्या वाढतात आणि तिच्या गुणसूत्रांचे नकाशे १९१३ पासून तयार होत आले होते. त्या वर्षी पहिला नकाशा करणारे आल्फ्रेड स्टर्टव्हंट हे कॅलटेकमध्येच होते. माशीच्या मेंदूत एक लाखाहून अधिक चेतापेशी असतात. जीवाणूत एकही चेतापेशी नाही आणि माणसात त्या अब्जावधी आहेत, त्यामुळे माशी हा मधला टप्पा सोयीचा होता. शिवाय माशीचे वर्तन साधे दिसले तरी समृद्ध आहे. ती प्रकाशाकडे जाते, गंध ओळखते, झोपते, नर मादीमागे फिरून पंख कंपवत तिची आराधना करतो.

परीक्षानळ्यांची दुहेरी रांग

१९६७ मधील पहिल्या माशी-प्रयोगाचे उपकरण म्हणजे परीक्षानळ्यांच्या समोरासमोर मांडलेल्या दोन रांगा. पहिल्या नळीत माश्या घालून ती आपटली, की सर्व माश्या तळाशी पडतात. मग नळी आडवी करायची. तिच्या तोंडाशी रिकामी नळी जोडलेली असते आणि त्या नळीपलीकडे दिवा. हादरलेली सामान्य माशी प्रकाशाकडे धावते. थोडा वेळ देऊन, पलीकडे गेलेल्या माश्या रांग सरकवून पुढच्या नळीत घेतल्या जातात आणि हीच कृती पुन्हा पुन्हा होते. शेवटी प्रत्येक माशी किती वेळा प्रकाशाकडे गेली, त्यानुसार माश्यांची आपोआप वर्गवारी झालेली असते. हाच प्रयोग दिवा उलट्या बाजूला ठेवून केला, की एखादी माशी आळशी आहे, सैरभैर पळणारी आहे की खरोखर प्रकाशाला प्रतिसाद देत नाही, हेही कळते. रसायनशास्त्रज्ञ दोन द्रव वापरून मिश्रणातील पदार्थ वेगळे काढतात, त्या तंत्राचे तत्त्व येथे सजीवांच्या वर्तनाला लावले होते.

उत्परिवर्ती माश्या मिळवण्याची युक्ती

नर माश्यांना साखरेच्या पाण्यातून ईएमएस हे रसायन दिले, की त्यांच्या शुक्रपेशींतील डीएनएमध्ये तुरळक बदल होतात. पण बदललेले जनुक निर्दोष जोडीदार प्रतीमागे लपून राहण्याची शक्यता असते. त्यावर तोडगा म्हणून दोन एक्स गुणसूत्रे एकमेकांना चिकटलेल्या माद्या वापरल्या जात. एरवी नर संततीला एक्स गुणसूत्र आईकडून मिळते. अशा मादीच्या नर संततीला ते बापाकडून मिळते आणि झाकायला दुसरी प्रत नसते. त्यांतील एकेका नराचा पुन्हा तशाच माद्यांशी संकर केला, की पुढच्या पिढीत एकाच बदललेल्या एक्स गुणसूत्राचे कितीतरी नर हाती येतात. एका माशीची लहर आणि आनुवंशिक बिघाड यांतला फरक यामुळे करता येतो, कारण बिघाड असेल तर तो बाटलीतल्या सगळ्या नरांत दिसतो. असे वाण मग पिढ्यान्‌पिढ्या टिकवता येते.

जैविक घड्याळाचे जनुक

बेंझर यांचे विद्यार्थी रोनाल्ड कोनोप्का यांनी याच युक्तीने दिनचक्राचा शोध घेतला. फळमाश्या कोशातून प्रामुख्याने सकाळच्या सुमारास बाहेर पडतात. सतत अंधारात ठेवले तरी त्यांची सुमारे २४ तासांची लय टिकते, म्हणजे घड्याळ शरीरातच आहे. कोनोप्का यांना तीन विलक्षण वाणे मिळाली. एकाला लयच नव्हती, दुसऱ्याचा दिवस १९ तासांचा होता आणि तिसऱ्याचा २८ तासांचा. प्रौढ माश्यांची हालचाल नोंदवली तेव्हा तिथेही तोच बिघाड दिसला. तिन्ही उत्परिवर्तने एक्स गुणसूत्राच्या एकाच जागी निघाली आणि पूरकता-चाचणीत ती एकमेकांची उणीव भरून काढू शकली नाहीत. बिघाड एकाच जनुकात होते. आर-टू पट्ट्यासाठी वापरलेले तर्कशास्त्र इथे वर्तनाला जसेच्या तसे लागू पडले. या जनुकाचे नाव पीरियड. १९७१ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला तेव्हा इतकी व्यापक लय एका जनुकाने बदलू शकते, यावर खुद्द डेलब्रुक यांचाही विश्वास बसत नव्हता.

घड्याळ चालते कसे?

याचे उत्तर दुसऱ्या प्रयोगशाळांतून आले. १९८४ मध्ये ब्रँडाइस विद्यापीठात जेफ्री हॉल व मायकेल रॉसबाश आणि रॉकफेलर विद्यापीठात मायकेल यंग यांच्या गटांनी पीरियड जनुक वेगळे काढले. हॉल हे पूर्वी बेंझर यांच्याच प्रयोगशाळेत संशोधक होते. या जनुकापासून तयार होणारे प्रथिन रात्रभर पेशीत साचत जाते, टाइमलेस नावाच्या दुसऱ्या प्रथिनाच्या जोडीने केंद्रकात शिरते आणि स्वतःच्याच जनुकाचे काम थांबवते. मग नवे प्रथिन तयार होत नाही, जुने हळूहळू नष्ट होते आणि जनुक पुन्हा सुरू होते. या एका फेरीला सुमारे २४ तास लागतात. प्रथिनात योग्य जागी एकच अमिनो आम्ल बदलले तर फेरी लवकर किंवा उशिरा पूर्ण होते. प्रथिन अर्धवटच तयार झाले तर फेरी उरतच नाही. कोनोप्कांच्या तीन वाणांचा उलगडा असा झाला. माणसातही या जनुकाची भावंडे आहेत. संध्याकाळीच गाढ झोप लागणे आणि मध्यरात्रीनंतर काही तासांतच जाग येणे, हा दोष पिढीजात असलेल्या एका कुटुंबात त्यांपैकी एका जनुकात बदल आढळल्याचे २००१ मध्ये प्रसिद्ध झाले.

बिघाड शरीरात कुठे?

जनुक शरीराच्या प्रत्येक पेशीत असते, त्यामुळे वर्तन बिघडले म्हणजे दोष मेंदूतच आहे असे गृहीत धरता येत नाही. प्रकाशाकडे न जाणारी माशी डोळ्याने अधू असेल, मेंदूने किंवा पायाने. योशिकी होट्टा आणि बेंझर यांनी १९७२ मध्ये यासाठी मिश्र माश्या वापरल्या. विशिष्ट अस्थिर एक्स गुणसूत्र असलेल्या मादी गर्भात सुरुवातीच्या विभाजनातच काही पेशींतून ते गुणसूत्र गळते. गळालेल्या भागात पेशी नराच्या होतात आणि उरलेल्या एक्सवरील उत्परिवर्तन उघडे पडते. त्याच गुणसूत्रावर पिवळ्या रंगाचे जनुक ठेवले, की बाह्यांगाचा कोणता भाग उत्परिवर्ती आहे, हे नुसते पाहून कळते. दोन अवयव किती वेळा एकमेकांपासून वेगळे निघतात, यावरून त्यांच्या मूळ पेशी गर्भाच्या पृष्ठभागावर किती अंतरावर होत्या, ते काढता येते. ही कल्पना मूळची स्टर्टव्हंट यांची, म्हणून अंतराच्या एककाला ‘स्टर्ट’ हे नाव दिले गेले. गुणसूत्रावरचा नकाशा आणि शरीराचा नकाशा एकाच गणिताने काढता येतो, ही बेंझर यांच्या कामातील सर्वांत देखणी सांगड आहे.

या पद्धतीने ‘ड्रॉप-डेड’ या वाणाचे कोडे सुटले. ही माशी काही दिवस अगदी ठणठणीत असते. मग तिची चाल लटपटते, ती पाठीवर पडते आणि काही तासांत मरते. बिघाडाचा उगम मेंदूत निघाला, आणि मेलेल्या माश्यांचा मेंदू छिद्रांनी भरलेला आढळला. नव्वदच्या दशकात बेंझर पुन्हा मेंदूच्या झिजेकडे वळले, तेव्हा हे जुने वाण हाताशी होते.

शिकणे आणि विसरणे

माशी शिकते का, यावरच १९७४ पर्यंत एकमत नव्हते. विल्यम क्विन, विल्यम हॅरिस आणि बेंझर यांनी एकेका माशीऐवजी माश्यांच्या घोळक्याची परीक्षा घेतली. एका गंधाबरोबर विजेचा सौम्य झटका दिला, दुसऱ्या गंधाबरोबर दिला नाही. नंतर झटका बंद ठेवला तरी अनेक माश्या पहिला गंध टाळू लागल्या. चाचणी हाती आल्यावर न शिकणारे वाण शोधणे शक्य झाले. १९७६ मध्ये मिळालेल्या ‘डन्स’ वाणाच्या माश्यांना गंध कळत होता, झटकाही जाणवत होता, पण दोहोंचा संबंध लक्षात राहत नव्हता. १९८१ मध्ये स्पष्ट झाले, की सायक्लिक एएमपी या संदेशवाहक रेणूचे विघटन करणारे विकर या जनुकापासून बनते. पुढे ‘रुटाबागा’ या दुसऱ्या मंद वाणात हाच रेणू तयार करणारे विकर सदोष निघाले. एरिक कँडेल यांना समुद्री गोगलगाईच्या चेतापेशींत वेगळ्याच वाटेने याच रेणूचे महत्त्व दिसले होते. त्यांना २००० मध्ये नोबेल मिळाले. दोन दूरचे प्राणी आणि दोन भिन्न पद्धती एकाच रेणूपाशी येऊन थांबल्या, म्हणून स्मृतीच्या या रसायनावर विश्वास ठेवता येतो.

शाखाविस्तार

माशीच्या डोळ्याची जडणघडण, पाय थरथरवणाऱ्या ‘शेकर’ वाणातून सापडलेली पोटॅशियमची वाहिनी, आणि १९९८ मध्ये सुमारे ३५ टक्के अधिक जगणारे ‘मेथुसेला’ वाण, असे अनेक विषय बेंझर यांच्या किंवा त्यांच्या विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळांतून पुढे आले.

मुंबईशी दुवा

होमी भाभांच्या निमंत्रणावरून ओबेद सिद्दिकी यांनी १९६२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. ते मूळचे जीवाणू-आनुवंशिकीचे अभ्यासक. कॅलटेकमध्ये त्यांनी बेंझर यांच्याबरोबर तापमान वाढताच लुळ्या पडणाऱ्या माश्यांचा अभ्यास केला. उष्णतेत त्यांच्या चेतातंतूंतील विद्युत संदेशवहनात काय बिघडते, याची मोजमापे १९७६ मध्ये दोघांच्या नावे प्रसिद्ध झाली. मुंबईत परतल्यावर सिद्दिकींनी गंध आणि चव हे विषय घेतले. केनियात जन्मलेल्या, मूळ गोव्याच्या कुटुंबातील व्हेरोनिका रॉड्रिग्ज या त्यांच्या विद्यार्थिनी. इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या आकाराच्या नळीत एका फाट्यावर गंध ठेवून माश्या कुठे वळतात ते मोजण्याची चाचणी, आणि तबकडीवर एका कडेला गंधद्रव्य ठेवून अळ्या मोजण्याची चाचणी, या दोन्हींच्या आधारे दोघांनी गंध न ओळखणारी वाणे वेगळी काढली. १९७८ चा त्यांचा निबंध या क्षेत्रातील पायाभूत काम आहे. माशीतील गंधग्राही प्रथिनांची जनुके सापडायला त्यानंतर दोन दशके लागली. बंगळूरचे राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्र याच विभागातून वाढले. मराठी वाचकाला कुलाब्याच्या टोकावरची टाटा संस्था अणुसंशोधकांमुळे माहीत असते. वर्तन-आनुवंशिकीच्या इतिहासातही तिचे स्थान तितकेच पक्के आहे, आणि ते अधिक ठाऊक असायला हवे.

सन्मान

बेंझर यांना १९७१ मध्ये लास्कर, १९९१ मध्ये वुल्फ आणि १९९३ मध्ये क्राफोर्ड पारितोषिक मिळाले. नोबेल मिळाले नाही. जैविक घड्याळावरील कामासाठी हॉल, रॉसबाश आणि यंग यांना ते २०१७ मध्ये मिळाले. तोवर बेंझर यांना जाऊन दहा वर्षे झाली होती आणि कोनोप्का यांचेही २०१५ मध्ये निधन झाले होते. नोबेल मरणोत्तर दिले जात नाही.

पद्धतीच्या मर्यादा

एक जनुक बिघडल्याने वर्तन बिघडते, यावरून ते जनुक त्या वर्तनाचा निर्माता ठरत नाही. ते फक्त आवश्यक असल्याचे सिद्ध होते. हा आक्षेप बेंझर यांच्या काळातच घेतला गेला. जेरी हिर्श यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून, वर चढणाऱ्या आणि खाली उतरणाऱ्या माश्यांची वाणे तयार केली होती, आणि वर्तनातील नैसर्गिक फरक अनेक जनुकांच्या लहान लहान वाट्यांतून घडतो, असे त्यांचे म्हणणे होते. आज दोन्ही बाजूंमध्ये तथ्य दिसते. दिनचक्रासारख्या यंत्रणेचे भाग ओळखायला बेंझर यांची पद्धत अतुलनीय आहे. एकाच कळपातील प्राणी एकमेकांहून वेगळे का वागतात, हे सांगायला ती अपुरी पडते. दुसरी मर्यादा अशी, की बहुतेक जनुके अनेक कामे करतात. डन्स वाणाच्या माद्या बहुधा वंध्यही असतात. तसेच अधिक बारकाईच्या चाचण्यांत डन्स माश्या थोडेफार शिकतात, पण झपाट्याने विसरतात, असे दिसून आले. म्हणजे वाणाचे वर्णन चाचणीवरही अवलंबून असते. ज्या जनुकाच्या बिघाडाने गर्भच मरतो, ते जनुक प्रौढ माश्यांच्या चाळणीत सापडतच नाही. आणि माशीतील निष्कर्ष माणसाच्या बुद्धीला किंवा स्वभावाला थेट लावणे शास्त्राला धरून नाही. रेणू समान असले तरी मेंदू समान नाहीत.

सद्यस्थिती

ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रौढ मादी फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा जोडणी-आराखडा प्रसिद्ध झाला. त्यात १,३९,२५५ चेतापेशी आणि त्यांच्यातील कोट्यवधी जोडण्या नोंदल्या आहेत. कोणती पेशी कोणाला जोडलेली आहे, हे या आराखड्यातून कळते. ती जोडणी कोणत्या वर्तनासाठी वापरली जाते, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी आजही पेशी किंवा जनुक निकामी केलेल्या माश्या वाढवून त्यांचे वर्तन मोजावे लागते.